चुंबकीय मिश्रधातूंचे पातळ थर आणि चिमूटभर पूरक द्रव्ये

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या प्रयोगशाळेत काय चालते ते सर्वांना कळेल अशा भाषेत सांगा, अशी मंडळाने आम्हाला सूचना केली. विषयाचे नाव जरा जड आहे. परंतु विषय स्वतः तितका जड नाही. विजेच्या साहाय्याने निकेल, लोह, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा अत्यंत पातळ थर चढवायचा, आणि ज्या द्रावणातून तो चढतो त्या द्रावणात चिमूटभर दुसरे काही टाकले असता थराच्या गुणधर्मांत काय फरक पडतो ते पाहायचे, एवढेच आमचे काम आहे.

येथे जमलेल्या ज्येष्ठांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला असेल. तो भांडे भट्टीवर तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर निघे, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवी. क्षणात भांडे चकाकू लागे. भांड्यावर शेवटी राहते ते कथील. नवसागर धुरात निघून जातो. पण नवसागराने भांड्याचा पृष्ठभाग स्वच्छ केला नाही तर कथील धरतच नाही. म्हणजे जे द्रव्य शेवटी नजरेस पडत नाही, त्याच्यावाचून काम होत नाही. आमची पूरक द्रव्ये याच जातीची आहेत. फरक एवढाच, की त्यांतील काही द्रव्ये धुरासारखी निघून जात नाहीत. ती आपला अंश थरात मागे ठेवतात. त्या अंशाबद्दल आम्ही पुढे सांगणार आहोत.

विद्युत विलेपन म्हणजे काय

विद्युत विलेपनाला आपल्याकडे कोणी गिलीट म्हणतात, कोणी प्लेटिंग. व्होल्टा यांनी १८०० साली विजेचा घट जगापुढे मांडला आणि पाचच वर्षांत, १८०५ साली, ब्रुन्यातेल्ली यांनी त्या विजेने सोन्याचा मुलामा चढवून दाखवला. धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात दोन पट्ट्या बुडवायच्या आणि वीजप्रवाह सोडायचा. ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर, म्हणजे ऋणाग्रावर, धातूचे आयन येतात, इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन बसतात.

किती विजेने किती धातू बसेल याचा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकात दिला. विद्यार्थी मित्रांनी लक्षात ठेवावे, की हे फॅरेडे एका लोहाराचे पुत्र. शाळा नावापुरती झाली आणि पुढे ते पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला राहिले. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते विज्ञान शिकले. त्यांच्या नियमाने हिशेब केला तर, सर्व वीज निकेलच्याच कामी आली असे धरून, एका चौरस सेंटिमीटरवर १० मिलिअँपिअर प्रवाह सोडल्यास एका मिनिटात सुमारे ०.२ मायक्रॉन जाडीचा थर चढतो. पाच मिनिटांत एक मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

परंतु फॅरेडेंचा नियम किती धातू बसेल एवढेच सांगतो. तो कसा बसेल हे सांगत नाही. थर गुळगुळीत होईल की खरबरीत, चिवट की ठिसूळ, चुंबक म्हणून चांगला की वाईट, हे त्या नियमात नाही. ते पुष्कळ अंशी पूरक द्रव्यांच्या हाती असते.

पर्मालॉय आणि संगणक

चुंबक दोन प्रकारचे असतात. एक कठीण: एकदा चुंबकत्व आले की सहजी सोडत नाही, जसा लाउडस्पीकरमधील चुंबक. दुसरा मृदू. हाताला मऊ लागतो म्हणून मृदू नव्हे, तर थोड्याशा चुंबकीय क्षेत्राने वळतो आणि क्षेत्र काढताच पूर्ववत होतो म्हणून मृदू. पदार्थातील चुंबकत्व शून्यावर आणण्यासाठी जेवढे उलटे क्षेत्र लागते त्याला कोअर्सिव्हिटी म्हणतात. मृदू चुंबकाची कोअर्सिव्हिटी कमी असावी लागते.

पर्मालॉय ही मिश्रधातू या कामात प्रसिद्ध आहे. निकेल सुमारे ८० भाग आणि लोह सुमारे २० भाग. अमेरिकेत गुस्ताफ एल्मेन यांनी ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विकसित केली आणि समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलसाठी तिचा उपयोग झाला. या प्रमाणाचे एक विशेष आहे. चुंबकत्व येताना धातूची लांबी किंचित बदलते. निकेलची लांबी घटते. लोह वाढवत गेल्यास हा बदल ८१ भाग निकेल व १९ भाग लोह या ठिकाणाच्या आसपास शून्याला येतो. त्यामुळे थरात थोडा ताण राहिला तरी चुंबकत्वावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. प्रमाण इकडेतिकडे झाले की ताण लगेच बाधू लागतो.

संगणकाच्या हार्ड डिस्कवर माहिती लिहिण्यासाठी सूक्ष्म चुंबकीय शीर्ष लागते. आयबीएम कंपनीने १९७९ साली ३३७० या डिस्कयंत्रात पातळ थराचे शीर्ष प्रथम वापरले. त्यातील पर्मालॉय विद्युत विलेपनाने चढवलेले होते. ल्युबोमिर रोमन्किव यांनी या तंत्रावर मोठे काम केले. ज्या तंत्राने चमचे आणि सायकलची हँडले चकाकतात त्याच तंत्राने संगणकाचे सर्वांत नाजूक अंग तयार झाले, ही गोष्ट आम्हाला आजही विलक्षण वाटते. पातळ थरांच्या अन्य पद्धतींना निर्वात यंत्रणा लागते आणि तिची किंमत ऐकूनच आमच्यासारख्या महाविद्यालयाचे धाबे दणाणते. विद्युत विलेपनाला एक काचपात्र, एक वीजपुरवठा आणि चिकाटी पुरते.

कोणते द्रव्य काय करते

पर्मालॉयच्या द्रावणात निकेल व लोह यांचे क्षार असतात. येथे पहिलीच गंमत आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे निकेलचे प्रमाण विभव उणे ०.२५ व्होल्ट आणि लोहाचे उणे ०.४४ व्होल्ट. म्हणजे निकेल आधी आणि सहज बसावे. प्रत्यक्षात लोहच झुंडीने पुढे येते. द्रावणात त्याचे जे प्रमाण असते त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात ते थरात शिरते. अ‍ॅबनर ब्रेनर यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा वर्तनाला असंगत सहनिक्षेपण म्हटले. म्हणून द्रावणात लोह मुद्दाम फार थोडे ठेवावे लागते. आणि थोडे ठेवले म्हणजे ते लवकर संपते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

आता पूरक द्रव्ये घेऊ.

पहिले, बोरिक आम्ल. कॅरमच्या पटावर आपण जी पूड टाकतो तीच. ऋणाग्रावर धातूबरोबर थोडा हायड्रोजन वायूही निघतो आणि तेथील आम्लता कमी होते. आम्लता फार घटली तर धातूचे हायड्रॉक्साइड थरात अडकतात आणि थर ठिसूळ होतो. बोरिक आम्ल ही आम्लता सांभाळते. लिटरला सुमारे २५ ते ३० ग्रॅम टाकण्याची रीत आहे.

दुसरे, सोडियम लॉरिल सल्फेट. शाम्पू आणि टूथपेस्टला फेस येतो तो बहुधा याच्यामुळे. हायड्रोजनचे बुडबुडे पट्टीला चिकटून बसले तर त्या जागी धातू बसत नाही आणि थरावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. हे द्रव्य द्रावणाचा पृष्ठताण कमी करते, बुडबुडा लवकर सुटतो.

तिसरे, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले क जीवनसत्त्व. द्रावणातील फेरस लोह हवेने फेरिक होते आणि त्याचा गंजासारखा गाळ धरतो. हे आम्ल फेरिकला पुन्हा फेरस करते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, सॅकरिन. मधुमेही मंडळींच्या चहातील गोळी. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे कॉन्स्टन्टिन फालबर्ग यांना हाताला लागलेल्या रसायनाच्या गोडीवरून ते सापडले. त्याची गोडी आमच्या कामाची नाही. त्याच्या रेणूत गंधकाचा एक अणू आहे, तो कामाचा आहे. सॅकरिनचे रेणू ऋणाग्राच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि वाढत्या स्फटिककणांची वाट अडवतात. जुना कण वाढू शकत नाही, म्हणून नवा कण जन्मतो. असे होत होत मोठ्या कणांऐवजी असंख्य बारीक कणांचा थर तयार होतो. कणांचा आकार काही दशक नॅनोमीटरपर्यंत खाली येतो. थर चकचकीत दिसतो. शिवाय निकेलच्या थरात ओढीचा जो ताण असतो आणि ज्यामुळे थर तडकतो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो, तोही सॅकरिनने उतरतो.

बारीक कणांचा चुंबकत्वाशी काय संबंध? प्रत्येक कणाला आपली चुंबकीय दिशा आवडती असते. कण मोठे असले तर प्रत्येक जण आपल्या दिशेवर अडून बसतो आणि चुंबकत्व वळवणे कठीण जाते. कण फार बारीक झाले की शेजारच्या कणांची परस्परांवरील पकड अधिक ठरते, एकेकट्याचा हट्ट चालत नाही आणि सर्व मिळून सहज वळतात. गिझेलहेर हेर्झर यांनी १९९०च्या सुमारास नॅनोस्फटिकी मिश्रधातूंसाठी दाखवले, की एका मर्यादेखाली कोअर्सिव्हिटी कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे घटते. आदर्श स्थितीत कणाचा आकार निम्मा झाला तर कोअर्सिव्हिटी चौसष्टावा हिस्सा होईल. पातळ थरात हिशेब तंतोतंत असाच निघतो असे नाही, पण दिशा हीच असते. चिमूटभर सॅकरिनचे महत्त्व यावरून कळावे.

आमची चूक

आता आमच्याच प्रयोगशाळेतील एक हकीकत सांगतो. ती सांगताना थोडा संकोच होतो, पण विद्यार्थ्यांना तिचा उपयोग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विद्यार्थी संशोधन करीत होता. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच. सॅकरिनचे प्रमाण वाढवत नेले असता पर्मालॉयची कोअर्सिव्हिटी कशी बदलते, हा त्याचा विषय. रसायने महाग, म्हणून आम्हीच त्याला सांगितले, की प्रत्येक वेळी नवे द्रावण करू नकोस. एकाच द्रावणात थोडे थोडे सॅकरिन वाढवत जा. त्याने तसे केले. नमुने चुंबकीय मापनासाठी दुसऱ्या गावच्या संस्थेत पाठवले. आकडे आले, आलेख काढला. सॅकरिन वाढते तशी कोअर्सिव्हिटी घटते, रेघ इतकी सरळ की पाहून डोळे निवावेत. शोधनिबंध लिहिला, पाठवला. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसाठी त्या निबंधाचा आधार होता.

सुट्टीत तो मामाकडे गेला. मामा प्लेटिंगच्या कारखान्यात निकेलच्या टाकीवर आयुष्यभर काम केलेले. भाच्याने कौतुकाने आलेख दाखवला. मामांनी आलेखाकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी विचारले, “टाकी किती चालली याची वही कुठंय?” भाचा म्हणाला, “मामा, टाकी कुठली, एवढंसं भांडं आहे.” मामा म्हणाले, “भांडं लहान म्हणून तर लवकर बदलतं. सकाळची टाकी अन् संध्याकाळची टाकी एक नसते, बाळा. आम्ही अँपिअर-अवर लिहितो, मग ठरवतो काय घालायचं ते.”

तो परत आला तो खाली मान घालून. आम्ही सर्व नमुन्यांतील लोहाचे प्रमाण मोजून आणले. पहिल्या नमुन्यांत लोह १९ भागांहून बरेच जास्त होते आणि पुढे पुढे कमी होत ते त्या आकड्याच्या जवळ आले होते. कारण उघड होते. आमचा धनाग्र निकेलचा. खर्च झालेले निकेल त्यातून द्रावणाला परत मिळे. लोह मात्र परत मिळत नव्हते, आणि उरलेल्यातील काही हवेने फेरिक होत होते. म्हणजे सॅकरिन वाढत असतानाच लोह घटत होते आणि मिश्रधातू आपोआप त्या उत्तम प्रमाणाकडे सरकत होती. कोअर्सिव्हिटी घटली ती सॅकरिनमुळे की लोहामुळे? आमच्या आलेखाला याचे उत्तर देता येत नव्हते. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय आम्ही एकीलाच दिले होते.

निबंध तसाच राहू दिला असता तर कोणाच्या लक्षात आले असते असे नाही. मुदतवाढ मिळाली असती. हा विचार आमच्या मनात आलाच नाही असे म्हणणे खोटे होईल. त्या रात्री आम्ही त्याला म्हटले, “निर्णय तुझा. चूक आमची आहे, पण नुकसान तुझे होणार.” त्याने दुसऱ्या दिवशी निबंध मागे घेतल्याचे पत्र लिहून आणले. मुदतवाढ मिळाली नाही. पुढचे महिने त्याने शिकवण्या घेऊन काढले आणि सायंकाळी प्रयोग केले.

या वेळी प्रत्येक नमुन्याला ताजे द्रावण, नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून, लोहाचे प्रमाण प्रत्येक वेळी जुळवून घेतलेले, आणि हो, एक वही. निष्कर्ष पूर्वीइतका देखणा आला नाही. सॅकरिनचा गुण येतो हे खरे. थोड्या प्रमाणातच येतो आणि पुढे वाढवून विशेष काही पदरात पडत नाही. पहिल्या आलेखातील घटीचा बराचसा वाटा लोहाचा होता. निबंध छोटा झाला, दावा लहान झाला; पण त्यातील प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून तो उभा राहू शकत होता. त्याला पदवी मिळाली. त्या प्रबंधाच्या आभारात मामांचे नाव आहे.

मागे राहणारा अंश

सुरुवातीला आम्ही म्हटले, की काही द्रव्ये आपला अंश मागे ठेवतात. सॅकरिनचा रेणू ऋणाग्रावर मोडतो आणि त्यातील गंधक थरात शिरते. प्रमाण अल्प असते. पण निकेलचा असा थर तापवला तर गंधक कणांच्या सीमांवर गोळा होते आणि थर ठिसूळ बनतो. गंधकामुळे गंजण्याची भीतीही वाढते. म्हणजे ज्याने कण बारीक केले, ताण उतरवला, चकाकी आणली, त्यानेच पुढच्या दुखण्याचे बीज ठेवले.

यावर उपाय काय? सामान्यतः आपण म्हणू, अजून एखादे द्रव्य घाला. जपानमध्ये टोकियोच्या वासेदा विद्यापीठातील तेत्सुया ओसाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. हार्ड डिस्कवर अधिकाधिक दाट माहिती लिहायची तर शीर्षाचे संपृक्त चुंबकत्व वाढायला हवे होते. पर्मालॉयचे ते सुमारे १ टेस्ला असते. त्यांनी कोबाल्ट, निकेल व लोह या तिहींची मिश्रधातू घेतली आणि सॅकरिनसारखे गंधकयुक्त द्रव्य द्रावणातून वगळले. मग कण बारीक कसे होणार? त्यांनी मिश्रणाचे प्रमाणच असे निवडले, की दोन वेगळ्या स्फटिकरचना एकत्र नांदतील. त्या सीमेवर कण आपसूकच बारीक राहतात. १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी २.० ते २.१ टेस्ला संपृक्त चुंबकत्वाचा आणि कमी कोअर्सिव्हिटीचा हा थर जाहीर केला. गंधक कमी असल्याने गंजण्यालाही तो अधिक टिकला. द्रव्य केव्हा घालावे हे कळणे ही विद्या आहे, आणि केव्हा काढून घ्यावे हे कळणे ही त्याहून वरची.

विद्यार्थी मित्रांना शेवटी तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, निकेलचे क्षार आरोग्यास घातक आहेत. त्यांनी त्वचेला खाज सुटते आणि निकेलची संयुगे कर्करोगास कारण ठरतात हे सिद्ध आहे. हातमोजे घालावेत, वाफ श्वासात घेऊ नये, उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. कारखान्यात काम करणारे आपले बांधव असतील त्यांनाही हे सांगावे; आपल्याला शिक्षण मिळाले त्याचा एवढा तरी उपयोग घरच्यांना व्हावा. दुसरी, मोठी यंत्रे नाहीत म्हणून संशोधन होत नाही असे समजू नये. काचपात्र, वीजपुरवठा आणि वही यांवर पुष्कळ होते. तिसरी, आलेख फारच सुंदर आला तर आनंदाआधी शंका घ्यावी. आपल्या नकळत दुसरे काय बदलले हे स्वतःला विचारावे, आणि ज्याच्या हाताला कामाचा अनुभव आहे त्यालाही विचारावे, मग त्याच्या नावापुढे पदवी असो वा नसो.

आज आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक वही टांगलेली आहे. द्रावण कोणी केले, किती वेळ चालले, त्यात काय आणि किती घातले, हे तीत लिहिल्याशिवाय कोणी वीजपुरवठ्याचे बटण दाबत नाही. येथील विद्यार्थ्यांनी कधीही यावे, ती वही पाहावी, प्रयोग पाहावेत. त्यांचे स्वागत आहे.